अजिंठ्याचे रंग कागदावर

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला त्यांची संख्या, तो कागदावर पाहिलेल्यांच्या मानाने अगदीच अल्प असणार. कलकत्त्याच्या, बडोद्याच्या किंवा जबलपूरच्या विद्यार्थ्याला अजिंठा म्हणजे पुस्तकातील एक रंगीत पान. त्या पानावर बोधिसत्त्वाची कांती तांबूस छापली गेली तर त्याच्या मनात ती जन्मभर तांबूसच राहते. हिरवट छापली गेली तर हिरवट. शिलालेखाचे वाचन चुकले तर दुसरा पंडित ते दुरुस्त करतो. रंग चुकला तर सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण ताडून पाहण्यास मूळ भिंत हाताशी नसते. म्हणून या भिंतीचे रंग कागदावर कसकसे उतरले, हा प्रश्न निव्वळ छापखान्याचा नाही, तो इतिहासाचाही आहे.

आरंभी छपाईचा प्रश्नच नव्हता, नकलेचा होता. मद्रासच्या सैन्यातील मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर कित्येक वर्षे लेण्यांत बसून मोठाल्या नकला रंगविल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत हेच काम करीत राहिले. आणि त्यांच्याही अनेक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. हे दुर्दैव दोनदा ओढवल्यावर छापील प्रतीचे मोल कोणालाही पटावे. एक प्रत जळते, पाचशे प्रती एकदम जळत नाहीत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातील रंगीत पाने शिळाछापाची होती. ही कला बव्हेरियातील झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या काळात सिद्ध केली. तेलाला पाणी धरवत नाही, एवढ्यावर तिचा सारा डोलारा उभा आहे. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला निराळा दगड लागे. दहाबारा दगड ही सामान्य गोष्ट, वीसपंचवीसही होत. पुण्यास १८७८ मध्ये निघालेली चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईस सुरू झालेला राजा रविवर्म्याचा छापखाना यांनी घरोघर पोहोचविलेली देवादिकांची चित्रे याच जातीची. ती आज हातात घेतली तर रंगाची भरदारी डोळ्यांत भरते. गेरू हवा तर गेरूच्याच रंगाची शाई घोटायची आणि ती सबंध छापायची, अशी ती रीत होती. पण कोणत्या दगडावर काय जावे हे कारागिराच्या डोळ्याने ठरे. शिळाछापाचा रंग गडद होता यात शंका नाही. तो अचूक होता की नाही, हे त्या कारागिराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होते.

छायाचित्रणाने हा मध्यस्थ दूर केला. तीन निरनिराळ्या काचांतून एकाच चित्राची तीन छायाचित्रे घ्यावयाची आणि बारीक जाळीच्या पडद्याने त्यांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून पिवळ्या, किरमिजी व निळ्या शाईने ती एकावर एक छापावयाची. या जाळीच्या शास्त्रात एका भारतीयाने मोलाची भर घातली आहे. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय यांनी १८९५ च्या सुमारास विलायतेहून सामग्री मागविली आणि जाळीच्या रेषांचे कोन व कॅमेऱ्यातील छिद्रांचे आकार यांविषयीचे त्यांचे निबंध लंडनच्या पेनरोज वार्षिकात वर्षानुवर्षे छापले गेले. ‘प्रवासी’ व ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांतील रंगीत चित्रांचे ठसे त्यांच्याच कारखान्यात होत. आपल्याकडे लेखक म्हणून त्यांचे नाव घेतात, ठसेकार म्हणून क्वचितच घेतात.

अजिंठ्याच्या वाट्याला छायाचित्र आले ते हैदराबाद संस्थानचे पुरातत्त्वप्रमुख गुलाम याझदानी यांच्या ग्रंथात. त्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. दरम्यान १९५४ मध्ये युनेस्कोच्या वतीने न्यूयॉर्कहून निघालेल्या चित्रसंग्रहाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना होती. पुढील काळात मात्र अजिंठा जनसामान्यांपर्यंत पोहोचला तो ऑफसेट यंत्राने.

या यंत्राची कुळकथा मोठी गमतीची आहे. पत्र्यावर छापण्यासाठी अशी युक्ती आधीपासून वापरात होती. पण १९०४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात आयरा रूबेल याच्या यंत्रात कागद घालावयाचा एकदा राहून गेला. प्लेटवरची शाई दाबाच्या रबरी रुळावर उमटली आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर त्या रबराने जी छाप उठविली ती प्लेटच्या थेट छापेहून रेखीव निघाली. रबर कागदाच्या उंचसखल पृष्ठात शिरते, धातू शिरत नाही.

पण या सोयीची किंमत रंगाने मोजली. शाई प्लेटवरून रबरावर जाते तेव्हा तिचा काही भाग मागे राहतो आणि रबरावरून कागदावर जाताना पुन्हा राहतो. त्यात प्लेट ओली ठेवण्यासाठी लागणारे पाणी शाईत मिसळते. कागदावर शेवटी जो थर पडतो तो मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. अजिंठ्याच्या छायेतील गडद तपकिरी या विरळ थरातून आणावयाची! शाईचा गडदपणा मोजण्याचे माप आहे. त्याला घनता म्हणतात. घनता १ म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा परत येतो. २ म्हणजे शंभरावा. चांगल्या आर्टपेपरवर काळी शाई १.८ च्या आसपास जाते, मुलामा नसलेल्या कागदावर ती सव्वाच्या जवळपास अडते. तोच ठसा, तीच शाई. पण स्वस्त कागदावर लेण्याचा काळोख राखेसारखा दिसतो.

मग शाई वाढवावी, असे कोणीही म्हणेल. मुद्रकाची खरी कसोटी इथेच लागते. शाई वाढविली की ठिपके फुगतात. निम्मे पृष्ठ व्यापावे असा ठिपका आर्टपेपरवर ६५ टक्क्यांच्या आसपास व्यापून बसतो. त्यातला काही फुगवटा दाबाचा, तर काही केवळ भासमान: प्रकाश कागदात शिरतो, ठिपक्याखाली अडकतो आणि बाहेर येत नाही. या भासाचे गणित यूल व नीलसन यांनी १९५१ मध्ये मांडले. म्हणजे सबंध रंगाचा गडदपणा मिळवावा तर मधल्या छटा बुजतात, आणि छटा राखाव्यात तर काळोख पांढुरका होतो. शिवाय चारही शाया पूर्ण पडल्या तर बेरीज ४०० टक्के होते. तेवढी शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते. म्हणून आर्टपेपरवर ३०० च्या आसपास आणि वृत्तपत्रावर २४० च्या आसपास हात आखडता घ्यावा लागतो.

अजिंठ्याचे रंग या बाबतीत विशेष अवघड. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, चुना आणि थोडा लाजवर्द, एवढीच त्या चित्रकारांची पेटी. त्यातले बहुतेक रंग मातकट. आणि मातकट रंग तीन शायांच्या समतोलावर उभा असतो. निळा ५० टक्के असेल तर किरमिजी व पिवळा प्रत्येकी ४० च्या आसपास ठेवावे लागतात, तेव्हा कुठे निव्वळ करडा दिसतो. किरमिजी यत्किंचित चढला की गेरूची वीट होते, निळा चढला की शेवाळ. भडक लाल साडीच्या जाहिरातीत हा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. अजिंठ्यात तो चेहऱ्यावर दिसतो. यावरचा चांगला उपाय असा की तीन शायांत सामाईक असलेला करडा अंश काढून टाकावयाचा आणि तेथे काळी शाई योजावयाची. काळी चढली-उतरली तर रंग गडद वा फिका होतो, पण जात बदलत नाही. शाईचा भारही हलका होतो. संगणक आल्यापासून ही वजाबाकी सहज होते. पूर्वी ती कॅमेऱ्यातील पडद्यांनी आणि ठसेकाराच्या ब्रशाने होत असे.

नोकरीच्या निमित्ताने सचित्र प्रकाशनांच्या निविदा माझ्या पाहण्यात आल्या आहेत. त्यांत कागदाचे वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेले असते. शाईच्या घनतेविषयी बहुधा अवाक्षर नसते. मग सर्वांत कमी दर देणारा मुद्रक शाई पातळ ठेवतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? ऑफसेटच्या रंगांसाठी १९९६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. निविदेत त्याच्या उल्लेखाची एक ओळ घातली तर एक पैसाही जास्त लागत नाही, असे मी म्हणणार नाही, थोडा लागेल.

आणि अचूक म्हणजे तरी कोणत्या भिंतीशी अचूक? ग्रिफिथ्सच्या काळी चित्रांवर रोगण चढले होते. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून आलेल्या चेकोनी या तज्ज्ञाने चित्रे वाचविण्याचे मोलाचे काम केले, पण त्यासाठी लावलेली लाख कालांतराने पिवळी पडली. पुढे पुरातत्त्व खात्याने ती साफ करण्यास आरंभ केला. तेव्हा ग्रिफिथ्सची पाने, याझदानींची पाने आणि आजची पाने यांच्या रंगांत जो भेद दिसतो तो सगळाच मुद्रकाच्या माथी मारता येणार नाही. काही भेद भिंतीचाच आहे. तो ओळखण्याची सोय छापखान्यात असते. कागदाच्या कडेला रंगांच्या लहान चौकटींची एक पट्टी छापतात. यंत्रावरील कारागीर तीवरून घनता मोजतो आणि शाई कमीजास्त करतो. बांधणीच्या वेळी ती पट्टी कापून टाकली जाते. अशा ग्रंथांच्या एकदोन न कापलेल्या प्रती वाचनालयांनी मागून घेऊन जपून ठेवल्या, तर पुढच्या अभ्यासकाला छपाईचा दोष कोणता आणि भिंतीचा बदल कोणता, हे पुष्कळ अंशी पारखून घेता येईल.