ईद आणि एकादशी



आषाढीला पंढरीला जाणे ज्यांना होत नाही, असे मुंबईतले पुष्कळ वारकरी वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात जाऊन माथा टेकतात. विक्रोळीहून आम्हीही जातो. २९ जून २०२३ रोजी पहाटे कन्नमवार नगरातून आमची दहा-पंधरा मंडळी टाळ घेऊन निघाली. पावसाची रिपरिप चालू होती. त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि बकरी ईदही. आम्ही स्टेशनकडे चाललो होतो, तर नवे कपडे घातलेली मुसलमान मंडळी नमाजाला चालली होती. त्यांत ओळखीचे एक वृद्ध चाचा भेटले. गळ्यातल्या माळेकडे पाहून हसले आणि म्हणाले, "बुवा, आज तुमची एकादशी. आमची नमाज आज, कुर्बानी उद्या. घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

लोकलमध्ये बसल्यावर आमच्यातला एक तरुण म्हणाला, "भीतीने करत असतील. नाहीतर यांच्या धर्मात आपल्यासाठी कुठे जागा आहे?" डब्यात कोणी उत्तर दिले नाही. मीही गप्प राहिलो. गप्प राहिलो याचे मला वाईट वाटले, म्हणून आज आपल्यापुढे हा विषय मांडतो आहे. त्या मुलाच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मुसलमानाने परधर्मीयाशी कसे वागावे, याविषयी त्याचा धर्म काय सांगतो? आणि आपल्या महाराष्ट्राने, आपल्या वारकरी पंथाने याबाबत काय अनुभवले?

आधी त्या दिवसाचा हिशेब पाहू. मुसलमानांचे वर्ष निव्वळ चांद्र असते, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यात अधिक मास नाही, म्हणून त्यांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. बकरी ईद त्यांच्या जिल्हेज महिन्याच्या दहा तारखेला येते. महिना चंद्रदर्शनाने सुरू होत असल्याने ही दहा तारीख आपल्या शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच पडते. तो महिना सरकत सरकत आषाढावर आला की ईद आणि आषाढी शेजारी येतात. २०२१ साली आषाढी २० जुलैला होती आणि ईद २१ जुलैला. २०२२ साली दोन्ही १० जुलैला आल्या आणि २०२३ साली दोन्ही २९ जूनला. आता हा योग पुन्हा यायला तीसेक वर्षे लागतील.

त्या वेळी पंढरपुरात आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, शहरांत मुस्लिम समाजाने ठरवले की एकादशीला कुर्बानी करायची नाही. हे वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की त्यांनी आपला धर्म बाजूला ठेवला. तसे नाही. ईदची नमाज त्याच दिवशी व्हावी लागते, पण कुर्बानीला त्यांच्या शास्त्राने तीन दिवस दिले आहेत. म्हणजे एक दिवस थांबण्याची मुभा त्यांच्या धर्मातच होती. ती मुभा शेजाऱ्याच्या व्रतासाठी वापरायची की नाही, एवढाच प्रश्न होता. अनेकांनी ती वापरली. काही ठिकाणी पोलिसांच्या पुढाकाराने शांतता समितीच्या बैठका झाल्या, हेही खरे. पण बैठकीत झालेला ठराव घराघरात पाळला जातो, तो मनातून पटलेला असला तरच.

आता त्यांचा ग्रंथ काय सांगतो ते पाहू. कुराणाच्या साठाव्या अध्यायात परधर्मीयांचे दोन वर्ग स्पष्ट केले आहेत. जे धर्मावरून तुमच्याशी लढले, ज्यांनी तुम्हाला घरातून हुसकले, त्यांच्याशी सख्य करण्यास तेथे मनाई आहे. पण ज्यांनी तसे काही केले नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागण्यास ईश्वराची मनाई नाही, उलट न्यायाने वागणारे त्याला प्रिय आहेत, असा त्या वचनाचा आशय आहे. या भलेपणासाठी तेथे जो अरबी शब्द येतो, त्याचे मूळ 'बिर्र' हे आहे. आईवडिलांच्या सेवेला अरबीत हाच शब्द वापरतात.

माउली, येथे क्षणभर थांबा. आपला विठ्ठल विटेवर उभा राहिला तो पुंडलिकाच्या मातृपितृसेवेसाठी. त्या सेवेला जो शब्द लागू व्हावा, तोच शब्द त्यांच्या ग्रंथाने परधर्मी शेजाऱ्याशी वागण्यासाठी योजला आहे. या वचनामागची कथाही आईचीच आहे. पैगंबरांचे सहकारी अबू बकर यांची कन्या अस्मा मदिनेत राहत होती. तिच्या आईने इस्लाम स्वीकारला नव्हता. ती भेटवस्तू घेऊन लेकीकडे आली, तेव्हा लेकीला प्रश्न पडला की हिला घरात घ्यावे की नाही. पैगंबरांनी सांगितले, आईशी प्रेमानेच वाग.

आणखी दोन प्रसंग त्यांच्या परंपरेत आदराने सांगतात. एकदा एका यहुदी माणसाची प्रेतयात्रा चालली होती. पैगंबर उठून उभे राहिले. कोणी म्हणाले, हा तर यहुदी होता. तेव्हा त्यांनी विचारले की तो जीव नव्हता काय? दुसरा प्रसंग त्यांचे एक सहकारी अब्दुल्ला यांचा आहे. घरी बकरे कापले की ते पुन्हा पुन्हा विचारीत, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का? आपल्यासारख्या माळकऱ्याच्या दारी असा वाटा कोणी पाठवणार नाही. पण शेजाऱ्याचा विचार आधी करायचा, ही शिकवण तीच. यहुद्याच्या शेजाऱ्याने वाटा पाठवला, वारकऱ्याच्या शेजाऱ्याने सुरी एक दिवस म्यानात ठेवली.

शिकवण ग्रंथात असते, ती आचरणात उतरली का, हे इतिहासाला विचारावे लागते. इतिहास दोन्ही बाजूंचे सांगतो. परचक्राच्या भयाने विठ्ठलमूर्ती पंढरीबाहेर हलवावी लागली, हे आपण विसरू शकत नाही. १६५९ साली अफझलखान तुळजापूर-पंढरपुराच्या वाटेने उपद्रव देत आला, हेही विसरू शकत नाही. राजसत्तेच्या मदात ज्यांनी देवस्थानांना हात लावला, ते वर सांगितलेल्या वचनाला जागले नाहीत. पण त्याच १६५९ सालच्या प्रतापगडावर पाहा. खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर, आणि शिवरायांच्या निवडक अंगरक्षकांत होता सिद्दी इब्राहिम. नावावरून माणसाची बाजू ठरत नव्हती.

सत्तेच्या दरबारातून उतरून संतांच्या अंगणात आलो, की चित्र अधिक स्वच्छ दिसते. नगर जिल्ह्यातले श्रीगोंदे आपणांस ठाऊक आहे. तेथे शेख महंमद महाराजांचे स्थान आहे. त्यांचे घराणे मुसलमान, आणि आपला जन्म कोणत्या कुळात झाला हे त्यांनी आपल्या काव्यात कोठेही लपवले नाही. त्यांचे गुरू चांद बोधले. नाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी यांनाही याच चांद बोधल्यांचा उपदेश होता, अशी परंपरा आहे. शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तो १६४५ साली पूर्ण झाला. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरुस्थानी मानीत आणि त्यांनीच श्रीगोंद्यात त्यांच्यासाठी मठ बांधला, असे सांगतात. याच मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पीराच्या आशीर्वादाची आठवण म्हणून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. फकिराने आशीर्वाद देताना मागणाऱ्याची जात विचारली नाही, आणि मराठा सरदाराने तो आशीर्वाद नावातून मिरवला.

शेख महंमदांना हे सोपे गेले नाही. विठ्ठल आळवणारा मुसलमान म्हणून दोन्हीकडचे कर्मठ त्यांच्यावर रुष्ट होते. त्यांनी मात्र श्रीगोंद्यात राहून हिंदू श्रोत्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच पुराणांतले दाखले देऊन परमार्थ सांगितला. समोरच्याची भाषा शिकणे, त्याच्या श्रद्धेचे शब्द जपून वापरणे, ही परधर्मीयाशी वागण्याची फार मोठी कृपाळू रीत आहे. आज त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावर वाद घातला जातो. तो वाद न्यायाने मिटो. पण ज्यांनी हयातभर दोघांना जोडले, त्यांच्या दारात आपण तुटू नये, एवढी प्रार्थना वारकऱ्याने जरूर करावी.

देहूचा दाखला तर दरवर्षी आपल्या डोळ्यांपुढे असतो. नारायणमहाराजांनी १६८५ साली सुरू केलेला तुकोबारायांचा पालखी सोहळा देहू सोडताना अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो. तेथे अभंग-आरती होते आणि मगच पालखी पुढे सरकते. अनगडशहा फकीर होते. त्यांचा कटोरा कोणाच्या दानाने भरत नसे, तो तुकोबांच्या लेकीने घातलेल्या चिमूटभर पिठाने भरला, अशी कथा सांगतात. कथेचे मर्म पाहा. फकीर तुकोबांच्या दारी आला तो मोठेपणा बाजूला ठेवून, मागता होऊन आला. आपल्याजवळच सगळे सत्य आहे असे मानणाऱ्याचा कटोरा दुसऱ्याच्या दारी पुढे होत नाही. अनगडशहा फकीरच राहिले, तुकोबा वारकरीच राहिले, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही आपली पालखी तेथे थांबते.

नाथमहाराजांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या चालीरीतींवर कडाडून बोलतात, कोणी कोणाची भीड ठेवत नाही, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. मतभेद झाकून ठेवा, असे नाथांनी सांगितले नाही. वाद घाला, पण वादानंतर गळाभेट झाली पाहिजे, असे दाखवून दिले.

आता पुन्हा आपल्या मुंबईत येऊ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरात जे झाले, त्यात सुमारे ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचे आकडे धर्मवार दिले आहेत. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले इतर आणि ओळख न पटलेले. त्या ओळखच न पटलेल्या ४५ जणांचा मी अनेकदा विचार करतो. त्यांच्यासाठी कोण उभे राहिले असेल? त्यानंतर शहरात मोहल्ला समित्या झाल्या, दोन्ही समाजांची माणसे एका सतरंजीवर बसू लागली. ती माणसे मोठी विद्वान नव्हती. शेजारी जगला पाहिजे, एवढे त्यांना कळत होते.

विक्रोळीत पूर्वेला कन्नमवार नगर, टागोर नगर, पश्चिमेला पार्कसाइट, डोंगरावरची वस्ती. एकाच नळावर पाणी, एकाच लोकलला गर्दी. येथे मुसलमान शेजाऱ्याच्या भलेपणाकडे संशयाने पाहिले, की उद्या तो भलेपणा करायला कचरतो. त्याच्या घरातल्या तरुणालाही मग कोणीतरी सांगते, "पाहिलंत? थांबून काय मिळालं?" म्हणून त्याच्या धर्मातल्या चांगल्या वचनाला बळ देणे थोडेफार आपल्याही हाती आहे. त्याने भलेपणाने आणि न्यायाने वागावे हे त्याच्या ग्रंथाचे सांगणे. ते त्याने केले तर ते ओळखावे, त्याचा मान राखावा, हे आपल्या माळेचे सांगणे.

त्या दिवशी वडाळ्याहून परतताना मी त्या तरुणाला एवढेच म्हटले, "बाळा, चाचांना उद्या ईद मुबारक सांगायला जाऊ." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी, द्वादशीचे पारणे सोडून मी निघालो, तेव्हा तो खाली इमारतीच्या दाराशी छत्री घेऊन उभा होता. चाचांनी आम्हा दोघांना वेगळ्या ताटलीत खजूर दिले. ताटली नवी होती. "हिला अजून काही लागलेलं नाही हं, बुवा," असे त्यांनी आम्ही न विचारताच सांगितले.

वाचकहो, हा खजूर मी आनंदाने खाल्ला. आपल्याही वस्तीत अशी ताटली कोणी पुढे केली, तर हात मागे घेऊ नका.

राम कृष्ण हरी.