सामायिक माहितीसाठा आणि प्रशासकाचे अधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (१९६१–१९९९)

प्रास्ताविक :
एकाच माहितीसाठ्यावर अनेकांनी काम करावयाचे ठरले की कोणी काय पाहावे, कोणी काय बदलावे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, असे तीन प्रश्न उपस्थित होतात. पहिल्या दोहोंची चर्चा विपुल झाली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तिसरा प्रश्न आहे. प्रशासकाच्या अधिकारांना मर्यादा घालण्याची निकड बाहेरील चोरापेक्षा आतील सोयीमुळेच अधिक निर्माण झाली, असे अमेरिकेतील प्रारंभीच्या घडामोडींवरून दिसते.

एमआयटीमधील अनुभव :
फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत ‘सीटीएसएस’ प्रणालीचे प्रात्यक्षिक केले. एका यंत्रावर अनेकांच्या फाइली राहू लागल्या, तेव्हा प्रत्येकास परवलीचा शब्द देणे भाग पडले. आणि हे सर्व शब्द पुन्हा एका फाइलीतच साठविलेले होते. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडत. खाते क्रमांक व फाइलीचे नाव नोंदविलेले छिद्रपत्र दिल्यास ती फाइल छापून मिळे, ही सोय त्याने १९६२ मध्ये हेरली. शुक्रवारी रात्री त्याने मागणी नोंदविली. शनिवारी सकाळी सर्वांचे परवलीचे शब्द त्याच्या हाती होते.

१९६६ मधील घटना याहून बोलकी आहे. या प्रणालीतील संपादनाची आज्ञावली आपल्या तात्पुरत्या फाइलीस नेहमी एकच नाव देत असे. एका खात्यावर एका वेळी एकच व्यक्ती काम करणार, हे त्यामागील गृहीतक होते. पुढे प्रणाली सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांच्या सामायिक खात्यावर अनेकांना एकाच वेळी काम करण्याची मुभा देण्यात आली. एक जण दैनिक सूचना दुरुस्त करीत असता दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता. दोहोंची अदलाबदल झाली आणि प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले. कॉर्बातो यांनी हा प्रसंग १९९० च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतःच कथन केला आहे. येथे हल्लेखोर कोणीही नव्हता. कार्यालयातील एकच प्रशासक-खाते चौघांनी वापरावे आणि त्याचा परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली असावा, हे दृश्य ज्यांना परिचित आहे त्यांना या प्रसंगाचे फारसे नवल वाटणार नाही.

जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रत्येकास कामापुरताच किमान अधिकार असावा, हे तत्त्व मांडले. त्या काळात प्रसार पावत असलेल्या युनिक्सने मात्र सर्वाधिकार ‘रूट’ या एकाच खात्याकडे ठेवले होते.

अधिकार देणे आणि परत घेणे :
माहितीसाठ्यांच्या क्षेत्रात वेगळा मार्ग आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात दिसतो. पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या रचनेत तक्ता निर्माण करणाराच त्याचा पूर्ण अधिकारी असतो. तो आपले अधिकार दुसऱ्यास देऊ शकतो, तसेच ते पुढे तिसऱ्यास देण्याची परवानगीही देऊ शकतो. अडचण येते ती परत घेताना. ‘क’ने ‘ख’ला व ‘ख’ने ‘ग’ला अधिकार दिला, आता ‘क’ने आपला अधिकार काढून घेतल्यास ‘ग’चे काय व्हावे? ‘ख’ला तोच अधिकार ‘घ’कडूनही मिळालेला असेल, तर तो ‘ग’ला देण्यापूर्वी मिळाला की नंतर, यावर निर्णय अवलंबून राहतो. पूर्वी मिळाला असल्यास ‘ग’चा अधिकार टिकतो, नंतर मिळाला असल्यास तो जातो. म्हणून प्रत्येक दानाची वेळ नोंदविणे अपरिहार्य ठरले. (सनदांवरील तारखांसाठी दप्तरे धुंडाळणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकास हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा.) या रचनेतही उणीव राहिली होती, रोनाल्ड फॅगिन यांनी १९७८ मध्ये ती दाखवून दुरुस्ती सुचविली. अधिकार देण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो, तो परत घेण्याचा नियम मात्र तज्ज्ञांनाही पहिल्या प्रयत्नात अचूक साधला नाही, ही बाब प्रस्तुत लेखकास विशेष महत्त्वाची वाटते.

१९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी अधिकार व्यक्तीस न देता भूमिकेस द्यावेत, अशी मांडणी केली. लिपिक बदलला तरी लिपिकाची भूमिका तीच राहते. १९९९ च्या एसक्यूएल मानकात भूमिकांचा समावेश झाला. भूमिका नेमून देणाऱ्यांचे अधिकारही स्वतंत्र प्रशासकीय भूमिकांत विभागता येतील, असे प्रारूप रवी संधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले.