गाडीला वॅक्स करण्यासाठी कोणते पॉलिशिंग मशीन घ्यावे?

समुद्रपूर तालुक्यातील जाम येथून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. महामार्गाची धूळ आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे तापमान यांमुळे इथल्या गाड्यांची चमक लवकर जाते. वॅक्समुळे रंगाला संरक्षण मिळते. पण मशीन चुकीचे निवडले तर तोच रंग जळतो. रंगावरचा पारदर्शक थर केसापेक्षाही पातळ असतो. तो गेला की पुन्हा रंगकामच करावे लागते.

रोटरी: पॅड एकाच जागी गोल फिरतो. ओरखडे लवकर निघतात, पण उष्णता वाढते. हे सरावलेल्या हाताचे काम.

ड्युअल ॲक्शन: पॅड फिरतो आणि हलतोही, त्यामुळे उष्णता कमी. नवशिक्यांसाठी हेच योग्य.

अँगल ग्राइंडर: मिनिटाला सुमारे ११,००० फेरे. पॉलिशचा पॅड लावूनही वापरू नये.

घेताना वेग कमी-जास्त करण्याची सोय आणि मऊ फोम पॅड पाहा. वॅक्ससाठी सर्वांत कमी वेग पुरतो. गाडी आधी धुऊन कोरडी करा, नाहीतर पॅडखालची धूळच ओरखडे पाडते. काम सावलीत, बॉनेट हाताला गार लागल्यावरच करा. वर्षातून दोनदाच वॅक्स करायचे असेल, तर मशीनचीही गरज नाही; फोमचा तुकडा आणि मायक्रोफायबर कापड पुरते.