गोदावरीत मुलांची कनू सहल: परभणीत आखणी करताना आधी बंधारे का पाहायचे?

परभणी जिल्ह्यात गोदावरीला बहुतेक जण 'गंगा'च म्हणतात. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा तालुक्यांतून ही नदी वळणं घेत पुढे नांदेडकडे जाते. पाऊस संपल्यावर शांत, रुंद आणि संथ दिसणाऱ्या या पाण्यात १४ ते १८ वर्षांच्या मुलांना घेऊन तीन-चार दिवसांची कनू सहल करता येईल का? येईल. पण आखणीची सुरुवात होडीपासून नाही, बंधाऱ्यांपासून करावी लागते.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, अरुंद होडी. साधारण दोघं जण ती एका पात्याच्या वल्ह्यांनी चालवतात. सामान ठेवायला जागा असते, म्हणून मुक्कामाच्या प्रवासाला ती सोयीची पडते.

नदी की तळ्यांची रांग?

पैठणच्या जायकवाडी धरणाखाली गोदावरीवर एकामागून एक बंधारे आहेत. परभणी जिल्ह्यापुरतं पाहिलं तर पाथरी-माजलगाव रस्त्यावरचा ढालेगाव, मग तारुगव्हाण, मुदगल, मुळी आणि पुढे पालम तालुक्यातला डिग्रस. पावसाळ्यात पुराचं पाणी जाऊ देण्यासाठी त्यांची दारं उघडी असतात. पाऊस ओसरला की दारं बंद करून पाणी अडवलं जातं आणि प्रत्येक भिंतीमागे लांबच लांब फुगवटा तयार होतो. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये इथे वाहती नदी कमी आणि तळ्यांची रांग जास्त असते.

याचा पहिला अर्थ असा की प्रवाह तुम्हाला पुढे नेणार नाही, सगळं अंतर वल्हवूनच कापायचं. नवखी मुलं संथ पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर जातात. समोरून वारा असेल तर त्याहून कमी. विश्रांती, जेवण आणि मुक्कामाची तयारी धरली तर दिवसाला १२ ते १५ किलोमीटर पुरेत. अंतर रस्त्याने मोजू नये. नकाशावर नदीच्या प्रत्येक वळणावर बोट फिरवून मोजावं.

दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे.

भिंतीजवळ नेमकं काय होतं?

बंधाऱ्यावरून किंवा दारांतून पडणारं पाणी खाली आपटतं, वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे फिरतं. त्यात सापडलेली वस्तू, होडी असो की माणूस, वारंवार आत ओढली जाते. वरून हा भाग फारसा भयंकर दिसत नाही, हीच अडचण. लाइफ जॅकेट घातलेल्यालाही त्यातून सुटणं कठीण जातं आणि वाचवायला उडी मारणाराही अडकतो. भिंतीच्या वरच्या बाजूलाही, दार थोडं उघडं असेल, तर पाणी खालून ओढ घेतं.

म्हणून बंधारा पाण्यातून ओलांडायचा नाही. किमान २०० मीटर आधी, कोणत्या काठाला लागायचं हे आधीच ठरवून उतरायचं, होड्या उचलून भिंतीपलीकडे न्यायच्या आणि खळबळतं पाणी संपल्यावरच पुन्हा पाण्यात घालायच्या. एक कनू साधारण ३० किलोच्या आसपास भरते, शिवाय सामान. दहा होड्यांच्या गटाचा यात अर्धा दिवस सहज जातो.

पहिल्यांदाच जाणाऱ्या गटासाठी शहाणपणाचा पर्याय वेगळा आहे: भिंत ओलांडायचीच नाही. एकच फुगवटा निवडायचा, वरच्या टोकाला सुरुवात करायची आणि पुढच्या भिंतीच्या बरंच आधी सहल संपवायची. ढालेगाव ते गंगाखेड असा पूर्ण टप्पा कागदावर भारी वाटतो, पण त्यातला मोठा वेळ होड्या वाहण्यातच जाईल.

पाणी कधी सुटतं?

रब्बीसाठी जायकवाडीतून सुटणारं पाणी मुख्यतः डाव्या कालव्यातून परभणीकडे येतं, नदीतून नाही. (२०८ किलोमीटरचा हा कालवा सरावासाठी मोहक वाटू शकतो, पण उतरत्या काठांवरून बाहेर पडायला जागा मिळत नाही, तिथे होडी घालू नये.) तरीही खालच्या गावांच्या मागणीनुसार एका बंधाऱ्यातून दुसऱ्यात पाणी सोडलं जाऊ शकतं. माजलगाव धरणातून सिंदफणेत सोडलेलं पाणीही गोदावरीतच येतं. पूर्णा नदीच्या संगमाखाली येलदरी आणि सिद्धेश्वरचाही विचार करावा लागतो.

बातम्यांमध्ये विसर्ग 'क्युसेक'मध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. सहलीच्या तारखा जलसंपदा विभागाला लेखी कळवाव्यात आणि रोज सकाळी होड्या पाण्यात घालण्याआधी बंधाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याशी बोलावं. जून ते सप्टेंबर हा विषयच नको. नोव्हेंबर ते जानेवारी ठीक, फक्त परभणीची थंडी हलक्यात घेऊ नये. पहाटे धुकं असेल तर ऊन वर येईपर्यंत काठावरच थांबायचं.

काठावरचे लोक काय सांगतील?

नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी. वाळू उपशाने पडलेले खड्डे, जिथे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जातं. मच्छीमारांची जाळी. जलपर्णीने भरलेले कोपरे. आणि शेतकऱ्यांच्या पाण्यातल्या मोटारी: त्यांच्या केबल पाण्यालगत लोंबत असतात, त्यांना वल्हं किंवा हात लागता कामा नये. आयोजकांनी आधी दोन दिवस मोटारसायकलने काठ पालथा घालावा आणि स्थानिक मच्छीमाराला मोबदला देऊन सोबत घ्यावं. मुक्काम गाळपेराच्या शेतात किंवा वाळवंटात नको. गावातली शाळा किंवा मंदिराचं आवार ग्रामपंचायतीला विचारून मिळू शकतं. पिण्याचं पाणी नदीचं वापरू नये.

परवानगी आणि जबाबदारी

महाराष्ट्राच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, हे पालकांनी थेट विचारावं. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेकांकडे लाइफ जॅकेट नव्हतं. ब्रिटनमध्ये १९९३ साली लाइम बे इथल्या सहलीत चार विद्यार्थ्यांचा जीव गेल्यावर, १९९५मध्ये मुलांच्या साहसी केंद्रांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला.

लाइफ जॅकेट मापाचं हवं. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने उथळ पाण्यात होडी मुद्दाम उलटवून परत काठाला येण्याचा सराव केलेला असावा. पोहता येतं असं नुसतं सांगणं पुरेसं नाही. एक प्रशिक्षक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, आणि त्या दोघांच्या मधून कुणी बाहेर जायचं नाही. काठाने एक गाडी समांतर चालावी. १०८ आणि ११२ सोबत जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक होडीत कोरड्या पिशवीत असावा.

सहल कधी रद्द होईल, हेही पालकांना पाठवायच्या पत्रात आधीच लिहावं: वरून विसर्ग सुरू झाला, आदल्या दिवशी जोरदार पाऊस झाला, किंवा एखादा प्रशिक्षक कमी पडला. पैसे परत मिळतील का, याचं उत्तर त्याच पत्रात असलं की काठावर उभं राहून "आता आलोच आहोत तर" असं म्हणण्याची वेळ येत नाही.