बांडगूळ आणि आमरी

माणसाने एक छंद धरला तर घरचे त्याला हौशी म्हणतात. दोन धरले की काळजी करू लागतात. मला जुन्या विज्ञानकादंबऱ्यांचा नाद आहे आणि ऑर्किडचाही. माणमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये या दोघांचं मुळीच पटत नाही. ऑर्किडला हवेत ओलावा हवा, आणि पिवळ्या पडलेल्या कादंबरीला नेमकं तेच विष! पावसाळ्यात पुस्तकं कपाटात डांबराच्या गोळ्या हुंगत बसतात आणि ऑर्किडं गॅलरीत नारळाच्या सोडणांवर मजेत पाय पसरतात. "यापेक्षा दोन सवती नांदवणं सोपं," असं आमच्या सौ.चं मत आहे.

पण या सवतींची ओळख जुनी आहे. एच. जी. वेल्सने 1894 साली एका विचित्र ऑर्किडची गोष्ट लिहिली. त्या काळी लंडनच्या धनिकांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. दूरदेशीच्या जंगलांतून आणलेली वाळकी खोडं लिलावात विकली जात. त्यातून काय फुलेल ते घेणाऱ्याचं नशीब. वेल्सच्या नायकाच्या नशिबी रक्त पिणारं ऑर्किड आलं! घर सांभाळणारी दूरच्या नात्यातली बहीण वेळेवर धावली म्हणून बिचारा वाचला. ही गोष्ट ऐकल्यापासून सौ. गॅलरीत जाताना पदर खोचून जाते.

वास्तविक हा ऑर्किडवर धडधडीत अन्याय आहे. आपल्या सह्याद्रीतली ऑर्किडं म्हणजे आमरी. ज्येष्ठ-आषाढात आंब्या-जांभळाच्या फांदीवरून सीतेची वेणी लोंबते ना, ती त्यांच्यातलीच. बांडगूळ झाडात मूळ खुपसून त्याचा रस ओढतं. आमरी फांदीला नुसती धरून बसते. तिच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. ते पावसाचं पाणी टिपतं, आणि जेवण ती आपल्या हिरव्या पानांत स्वतः रांधते. झाडाकडे मागते ती फक्त जागा.

मराठी विज्ञानकथेलाही हाच आळ सोसावा लागला. 1900 साली 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत आली. पुढे श्री. बा. रानड्यांनी 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र कथा लिहिली, भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी पोरांच्या घरात आणून बसवलं. तरी जाणकार म्हणायचे, हे इंग्रजीच्या झाडावरचं बांडगूळ!

मग 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक कुणी नारायण विनायक जगताप. परीक्षकांपुढे जणू लिलावातलं बिनचिठ्ठीचं खोडच! त्यांनी पहिलं बक्षीस दिलं आणि मग उलगडलं की हे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचं वजन पारड्यात पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. केंब्रिजला गाजलेल्या माणसाने मराठीत मात्र जागा तेवढी मागितली. जेवण स्वतःचं रांधलं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा मी कपाटातून 'यक्षांची देणगी' काढली आणि रात्रभर गोळ्यांच्या वासात वाचत बसलो.

हे सारं पुराण मी परवा गावातल्या एका आजोबांना ऐकवलं. त्यांच्या आंब्यावर आमरी होती आणि ते कोयता घेऊन निघाले होते. ज्या शिवारात त्यांनी भात लावला, तिथे आता आयटी पार्क आणि आमच्यासारख्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोयता खाली ठेवला.

"म्हंजी ऱ्हातंय दुसऱ्याच्या घरी, पन खातंय आपलं आपलं."

"अगदी बरोबर, आजोबा!"

"मंग राहू द्या तिला." आणि आमच्या बारा मजल्यांकडे हनुवटी करून त्यांनी विचारलं, "आन तुमी सोसायटीवाले रं? तुमी यातलं काय म्हनायचं?"

मी उत्तर जुळवू लागलो होतो. तेवढ्यात आमच्या फाटकाशी पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला आणि त्याने जोरात हॉर्न दिला.