कार्तिकीचा चंद्र आणि बुधवाऱ्याची गच्ची

२०१६ साली ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि आमच्या बुधवाऱ्यात घरोघरी डाळीचे, साखरेचे डबे उलटे झाले. तळाशी बायकांनी जपून ठेवलेला पैसा! माझ्याही डब्यात होता. कॅमेऱ्यासाठी साठवत होते, घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ओळीत उभी राहून तो पैसा खात्यात भरला. खात्यात गेलेला पैसा पुढे कुठे जातो, ते तुम्हाला मी काय सांगू? कॅमेरा राहूनच गेला.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, कार्तिकी पौर्णिमा आली. चातुर्मास संपला. सकाळी शत्रुंजयाच्या पटाचं दर्शन झालं, संध्याकाळी चौविहार करून आम्ही सगळ्या गच्चीवर गेलो. त्या दिवशी चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,५६,५०० किलोमीटरवर आला होता. पौर्णिमेचा चंद्र इतका जवळ याआधी आला होता तो २६ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे जवळजवळ ६९ वर्षांपूर्वी.

सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. मी विचारलं, "आई, त्या पौषी पौर्णिमेचा चंद्र आठवतो का हो?" त्या म्हणाल्या, "चंद्र कोण बघत होतं? चार दिवसांनी गांधीजी गेले. वडील ओसरीवर बसून रडत होते, एवढंच आठवतं." शतकातला इतका मोठा चंद्र डोक्यावरून गेला आणि आमच्या घरात त्याची एका ओळीचीही नोंद नाही.

पण आमच्या गावाला नोंद ठेवायची सवय नव्हती असं मात्र नाही. इथल्या जामा मशिदीत फारुकी राजा आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, याने अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरवून घेतला. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ आहे, आणि पौष शुद्ध दशमी, वार, नक्षत्र असं सगळं पंचांग आहे. मशिदीच्या भिंतीवर चंद्राचा ठावठिकाणा! नक्षत्र म्हणजे तरी काय, त्या वेळी चंद्र आकाशात कुठे होता त्याचा पत्ता.

मुमताजमहल याच गावी बाळंतपणात गेली. तारीख १७ जून १६३१, हिजरी १०४० च्या जिल्काद महिन्याची १७. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणून नुसत्या तारखेवरून कळतं की पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादला पुरलं, डिसेंबरात आग्र्याला नेलं. चौदाव्या बाळंतपणात गेलेल्या बाईच्या आकाशात कोणता चंद्र होता, हे पावणेचारशे वर्षांनी मला सांगता येतं, कारण कुणीतरी तारीख लिहून ठेवली.

चंद्र जवळ-लांब होतो हेही आपल्याकडे जुनंच ज्ञान. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला तो ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. म्हणजे आमच्या खानदेशातच. चंद्राची रोजची गती वाढते तेव्हा त्याचं बिंब मोठं धरायचं, असा हिशेब ते ग्रहणासाठी करत. पंचांगातला शब्द 'उच्च'. आज आपण लांबच्या टोकाला अपभू आणि जवळच्या टोकाला उपभू म्हणतो.

आता गच्चीवरची गंमत ऐका. चंद्र वर आला तो लालसर, परातीएवढा. मुली ओरडल्या, "केवढा मोठा!" पण क्षितिजावरचा चंद्र रोजच मोठा भासतो, तो डोळ्यांचा भ्रम असतो. पुतणीने मोबाइलवर फोटो काढला. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, हा तर बत्तासा झाला!" खरंच, पांढरा ठिपका नुसता. मोबाइलला वाटतं रात्र आहे, म्हणून तो जास्त प्रकाश घेतो. पण पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. त्याचा फोटो उन्हातल्यासारखाच काढायचा असतो.

भाच्याचा कॅमेरा मागून आणला होता. लेन्स ३०० मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर ११, आयएसओ १००, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. कॅमेरा कठड्यावर धान्याच्या पिशवीवर टेकवला. चंद्रावरचे डाग स्वच्छ आले. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आकाशातला चंद्र त्यांना पुसट दिसत होता. पडद्यावर मोठा करून दाखवला, तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

पण चंद्र खरंच मोठा होता का? एका फोटोवरून ते कळतच नाही, मैत्रिणींनो! त्यासाठी दुसरा फोटो लागतो, त्याच लेन्सने काढलेला. म्हणून ९ जून २०१७ च्या संध्याकाळी, ज्येष्ठी पौर्णिमेला, तोच कॅमेरा पुन्हा मागून आणला. शेजारच्या घरांत वडाला गुंडाळलेल्या सुताच्या गोष्टी अजून चालल्या होत्या, आणि चंद्र लांबच्या टोकाजवळ, सुमारे ४,०६,००० किलोमीटरवर होता. दोन्ही फोटो एकाच मापाने छापले. कार्तिकीचा चंद्र आठ सेंटिमीटर, ज्येष्ठीचा सात. बस, एवढाच फरक. पण समोरासमोर ठेवला की नाकारता येत नाही.

सासूबाईंनी दोन्ही फोटोंवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पुन्हा कधी येणार असा?" मी हिशेब सांगितला. २२३ पौर्णिमा आणि चंद्राच्या जवळ येण्याच्या २३९ फेऱ्या जवळजवळ एकाच वेळी पुऱ्या होतात. त्याला लागतात अठरा वर्षं आणि सुमारे अकरा दिवस. म्हणजे २५ नोव्हेंबर २०३४. तीही कार्तिकीच, आणि चंद्र २०१६ पेक्षा किंचित जवळच. त्या हसल्या. "मी काही नसणार. पण मागे लिहून ठेव."

मी लिहिलं. फोटोमागे तारीख, तिथी, लेन्स, जागा: बुधवाऱ्यातली गच्ची, आणि कठड्याशी कोण कोण उभं होतं त्यांची नावं. राजांची नावं दगडावर राहतात. आपल्या घरातल्या बायकांनी काय पाहिलं, ते आपणच लिहायला हवं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. फोटो आहेत. डब्यात पुन्हा थोडे पैसे टाकायला लागले आहे, २०३४ ला कॅमेरा माझा असावा म्हणून.