खानदेशांतील एक अलिखित दफ्तर

इतिहासाचें साधन म्हणजे कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं, असा आपल्या मंडळींचा परिपाठ आहे व तो योग्यच आहे. परंतु खानदेशांतील भिल्ल व पावरा लोकांचा इतिहास लिहूं जातां ह्या साधनांची उणीव फार जाणवते. जे कागद आहेत ते बहुतेक परक्या हातचे. १८१८ सालीं इंग्रजी अंमल बसला, १८२५ सालीं औट्रामनें धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली, ह्या हकीकती दफ्तरांत मिळतात. त्या पलटणींतील शिपायाचे पूर्वज सातपुड्यांत केव्हां आले, हें मिळत नाहीं.

वैद्यकानें एक निराळें दफ्तर उघडलें आहे, तें रक्ताचें. सिकल सेल ह्या आनुवंशिक विकारांत तांबड्या पेशी विळ्याप्रमाणें वांकतात व बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. १९१० सालीं शिकागोच्या हेरिक ह्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें; हिंदुस्थानांत ही खूण १९५२ सालीं निलगिरींतील लोकांत सांपडली. पूर्वीं धुळें जिल्ह्यांत असलेल्या व १९९८ पासून नंदुरबारांत मोडणाऱ्या डोंगरी मुलुखांतही ती पुष्कळ आढळते. ह्या विकारावर दीर्घ काळ खपलेले पुण्याचे डॉ. सुदाम काटे ह्यांस २०१९ सालीं पद्मश्री मिळाली.

आतां कोणी म्हणेल कीं, हा विकार आफ्रिकेंत फार, सबब हे लोक तिकडूनच आले. हें अनुमान टिकत नाहीं. दोन्ही पालकांकडून दोष आला तर मूल आजारी पडतें. एकाकडूनच आला तर बहुधा निरोगी राहतें, शिवाय जीवघेण्या हिंवतापापासून त्याचें पुष्कळ रक्षण होतें, असें ॲलिसन ह्यांनीं १९५४ सालीं दाखविलें. म्हणून खुणेचें प्राबल्य पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या तापाची साक्ष देतें, स्थलांतराची नव्हे. पश्चिम खानदेशच्या जंगलांतील त्या तापाचा उल्लेख १८८० च्या गॅझेटियरांतही आहे. मूळाविषयीं तर विद्वानांतच मतभेद आहे: आशियांत हा दोष स्वतंत्रपणें उपजला, असें कुलोझिक प्रभृतींनीं १९८६ सालीं प्रतिपादिलें, सर्वांचें मूळ एकच व सुमारें ७ हजार वर्षांपूर्वींचें, असा पक्ष २०१८ सालीं पुढें आला. दुसरा पक्ष खरा धरला तरी इतक्या जुन्या खुणेवरून अलीकडची वाट निघत नाहीं.

हा वाद केवळ पांडित्याचा नाहीं. वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक असतो. त्या दुःखावर परकेपणाचा शिक्का आपल्या लेखणीनें मारूं नये. एका अक्षराच्या वळणावरून आपण सनद अस्सल ठरवीत नाहीं. येथेंही तोच नियम पाळावा. पाड्यापाड्यांतील वृद्धांच्या तोंडच्या कुळकथा व वंशावळी आधीं टिपून घ्याव्या, आणि मग रक्ताची साक्ष त्यांच्याशीं ताडून पाहावी.